अंडी उबवा, अळी ओळखा: शौचाच्या नमुन्यातल्या जंतांचं कल्चर

‘कल्चर’ म्हटलं की डीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञांच्या पदविकेच्या) नव्या मुलांच्या डोळ्यांसमोर बॅक्टेरियाची प्लेट येते. संध्याकाळी रेघ ओढली, सकाळी वसाहती तयार. जंतांच्या बाबतीत असं काही होत नाही. अंकुशकृमीच्या (हुकवर्मच्या) एका अंड्यातून एकच अळी निघते, तुम्ही त्याचे कितीही लाड करा. म्हणून मी मुलांना सांगते, याला मनातल्या मनात ‘उबवण’ म्हणा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवल्यावर आपण ऊब, ओल आणि हवा सांभाळतो आणि सारखं उचकटून बघत नाही. इथेही तेवढंच करायचं असतं. फरक एकच, पण मोठा: या अंड्यांना कोंबडीच्या पोटाची ऊब नको असते, पावसाळी मातीची हवी असते. या प्रकारात होणाऱ्या निम्म्या चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

हे कशासाठी करायचं

सलाइनच्या स्लाइडवर अंकुशकृमीचं अंडं ओळखणं फार अवघड नाही. पातळ पारदर्शक कवच, आत चार ते आठ पेशींचा पुंजका, पुंजका आणि कवच यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा, लांबी ६० ते ७५ मायक्रॉन. पण अंकुशकृमीच्या दोन जातींपैकी ते अँकायलोस्टोमा ड्युओडिनेलचं की नेकॅटर अमेरिकॅनसचं, हे त्या अंड्यावरून कोणालाही सांगता येत नाही. दोन्ही सारखीच दिसतात. रुग्णाला गोळी तीच द्यायची असली तरी पाहणी करणाऱ्याला हा फरक हवा असतो, कारण अँकायलोस्टोमाचा एक किडा दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त फस्त करतो आणि नेकॅटर साधारण ०.०३ मिलिलिटर. गावात रक्तक्षय किती असेल, याचं गणित इथे बदलतं.

खरी गरज मात्र स्ट्रॉन्जिलॉइडिस या आतड्यातल्या बारीक जंतासाठी पडते. याची मादी आतड्याच्या अस्तरात रुतून बसते, अंडी तिथेच फुटतात आणि शौचात उतरते ती अळी. तीही थोडी, आणि रोज नाही. साधी स्लाइड एकदाच पाहून ‘निगेटिव्ह’ लिहिलं तर पुष्कळदा ते चूक असतं. शिवाय हा जंत माणसाच्या आतल्या आतच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो, त्यामुळे दहा-वीस वर्षांपूर्वीचा पाहुणाही अजून घरात असू शकतो. अशा रुग्णाला दम्यासाठी, किडनी प्रत्यारोपणासाठी किंवा आणखी कशासाठी स्टेरॉइड सुरू झालं की अळ्या सगळ्या शरीरभर पसरतात आणि माणूस दगावू शकतो. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांमधून अल्बेंडाझोल दिलं जातं, ते गोलकृमी आणि अंकुशकृमींसाठी योग्यच आहे. पण त्या एका गोळीने स्ट्रॉन्जिलॉइडिस भरवशाने जात नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. म्हणजे ‘अळी दिसली’ एवढं लिहून लॅबला सुटता येत नाही. कोणाची अळी, हे सांगावं लागतं.

गोलकृमी, चाबूककृमी आणि पट्टकृमी यांच्या निदानासाठी हे कल्चर काढण्यात अर्थ नाही. त्यांची अंडी बाहेर फुटतच नाहीत आणि स्लाइडवर अंड्यावरूनच ती ओळखू येतात. सूत्रकृमीसाठी (पिनवर्मसाठी) सकाळी अंघोळीआधी गुदद्वाराला लावलेली चिकटपट्टी पुरते.

नमुना: खेळ इथेच जिंकायचा किंवा हरायचा

नमुना ताजा हवा, फ्रिजमध्ये न ठेवलेला हवा आणि त्यात फॉर्मलिन नसावं. यात तडजोड नाही.

फ्रिजचं विशेष सांगते, कारण तिथे चांगुलपणा आडवा येतो. वॉर्डातल्या मावशींना आपणच शिकवलेलं असतं की नमुना लगेच लॅबला जाणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. लघवीच्या कल्चरसाठी ते बरोबर आहे. जंतांच्या कल्चरसाठी तो खून आहे. नेकॅटरची अंडी आणि स्ट्रॉन्जिलॉइडिसच्या अळ्या थंडीला फार नाजूक असतात. नोकरीच्या सुरुवातीला मी एका आठवड्यात सहा नळ्या लावल्या आणि सहाही कोऱ्या निघाल्या. नंतर कळलं की सगळ्या डब्या रात्रभर फ्रिजमध्ये होत्या. तेव्हापासून आम्ही या डब्यांवर लाल पेनाने ‘फ्रिज नको’ असं मराठीत लिहितो. इंग्रजी लेबल वाचायला रात्रपाळीला कोणाला वेळ नसतो.

उशीर झाला तरी पंचाईत, पण वेगळी. नमुना उन्हाळ्यात बाहेर चोवीस तासांहून जास्त पडून राहिला तर अंकुशकृमीची अंडी डबीतच फुटतात. मग स्लाइडवर वळवळणारी अळी दिसते आणि घाईत तिला स्ट्रॉन्जिलॉइडिस म्हटलं जातं. म्हणून डबीवर शौचाची वेळ लिहून घ्या, नमुना लॅबला पोचल्याची वेळ पुरत नाही.

डबी कोरडी आणि रुंद तोंडाची हवी, लघवी मिसळलेली चालत नाही. आणि नमुना जमिनीवरून उचललेला नसावा. मातीत स्वतंत्र राहणारे बारीक कृमी भरपूर असतात, त्यांच्या अळ्या आपल्या अळ्यांसारख्याच दिसतात. खेड्यात पाहणी करताना हे मुद्दाम विचारावं लागतं. लोक लाजतात, पण घरातल्या आजींना विचारलं तर त्या सरळ सांगतात.

आधी सलाइन आणि आयोडीनची साधी स्लाइड बघाच. त्यात चित्र स्पष्ट असेल तर दहा दिवस थांबायची गरज काय? आणि एक नमुना कधीही पुरेसा मानू नका. वेगवेगळ्या दिवशीचे तीन मागवा.

ऊब किती

२४ ते २८ अंश सेल्सिअस. बॅक्टेरियाचा ३७ अंशांचा इन्क्युबेटर नको. या अळ्यांना मातीत वाढायचं असतं, आपल्या आतड्यात नव्हे.

लॅबमध्ये बीओडी इन्क्युबेटर असेल तर २६ वर लावा आणि विसरून जा, तो गरम करतो तसा थंडही करतो. नसेल तर ऋतू पाहून वागा. कोकणात जून ते ऑक्टोबर बाकावरच काम होतं, हवेत ओलही असते. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीत नळ्या ठेवल्या तर त्या शिजतील. तेव्हा माठाजवळची सावलीची जागा थर्मामीटर ठेवून तपासा, बाहेर ४४ असताना तिथे बरंच कमी भरतं. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे रात्री पारा खाली गेला तर नळ्या मरत नाहीत पण मंदावतात, आणि पाचव्या दिवशी दिसायची अळी आठव्या दिवशी दिसते. म्हणून तापमान रोज दोनदा वहीत टिपा. कोऱ्या नळीचं कारण शोधताना तीच वही कामी येते.

हाराडा-मोरी: फिल्टर पेपरची नळी

हाराडा आणि मोरी या जपानी संशोधकांनी १९५५ साली ही पद्धत दिली, आणि सत्तर वर्षं झाली तरी साध्या लॅबसाठी हिला तोड नाही. युक्ती साधी आहे. कागदाच्या पट्टीवर शौच फासायचं आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं. पाणी कागदातून वर चढत शौच ओलं ठेवतं. अंडी फुटतात, अळ्या शौचातल्या बॅक्टेरियांवर पोसल्या जातात आणि मोठ्या झाल्या की ओलीच्या वाटेने खाली पाण्यात उतरतात. आपण फक्त खालचं पाणी बघायचं. शौचात हात घालावा लागत नाही, यापेक्षा आणखी काय हवं!

साहित्य: १५ मिलिलिटरची निमुळत्या बुडाची सेंट्रिफ्यूज नळी, फिल्टर पेपर, डिस्टिल्ड वॉटर, लाकडी काडी, कापूस, ड्रॉपर आणि ग्लोव्हज. ग्लोव्हज यादीत शेवटी आले तरी हातात पहिले हवेत.

१. फिल्टर पेपरची साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. खालचं टोक निमुळतं करा. वरच्या टोकाला शिसपेन्सिलीने नंबर आणि तारीख लिहा. पेनाची शाई ओलीने पसरते आणि तिसऱ्या दिवशी कोणती पट्टी कोणाची, हे देवालाही सांगता येत नाही.

२. पट्टीच्या मधल्या एकतृतीयांश भागावर ०.५ ते १ ग्रॅम शौच पातळ फासा. अर्धा ग्रॅम म्हणजे मोठ्या हरभऱ्याएवढं. जाड थर दिला की आत हवा जात नाही आणि अंडी गुदमरतात. जास्त शौच म्हणजे जास्त अळ्या, हा हिशेब इथे चालत नाही. वरचा आणि खालचा भाग स्वच्छ ठेवा.

३. नळीत ३ ते ४ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला.

४. पट्टी अलगद आत सोडा. निमुळतं टोक बुडाशी जवळपास पोचलं पाहिजे, पण पाण्याची पातळी शौचाच्या डागापासून साधारण १२ मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. डाग पाण्यात बुडला की पाणी गढूळ होतं, सडतं आणि अळ्या मरतात. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नळ्या इथे वाया जातात.

५. तोंडाला सैल कापूस लावा. घट्ट बूच नको. नळी स्टँडमध्ये उभी ठेवा.

६. पहिले दोन दिवस पाणी थोडं उडतं. बाजूने, पट्टीला धक्का न लावता, पूर्वीच्या खुणेपर्यंत भरा. खूण नळीवर मार्करने आधीच करून ठेवा.

७. तिसऱ्या दिवसापासून रोज बघायचं, दहाव्या दिवसापर्यंत. आधी नळी उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. पूर्ण वाढलेली अळी अर्धा मिलिमीटरच्या पुढे असते, म्हणून बुडाशी केसाच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळताना दिसतं. मग ड्रॉपरने बुडातलं थोडं पाणी घेऊन स्लाइडवर ठेवा, कव्हर स्लिप घाला आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहा.

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या लावा. आणि आठवड्याला एक कोरी नळीही लावा: तेच पाणी, तोच कागद, शौच नाही. तिच्यात कृमी निघाले तर दोष तुमच्या पाण्याचा आहे. हे नियमात कुठे सक्तीचं नाही, पण एकदा डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्येच स्वतंत्र कृमी सापडल्यापासून मी ते सोडलेलं नाही.

पावसाळ्यात शौचाच्या डागावर पांढरी बुरशी चढते. घाबरायचं कारण नाही, अळ्या तरीही खाली येतात. मुंग्यांचं मात्र बघा. स्टँडचे पाय पाण्याच्या बशीत ठेवले की प्रश्न मिटतो, स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं करतो तसं.

काळाचाही एक संकेत असतो. अंकुशकृमीचं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, पण संसर्गक्षम अळी व्हायला पाच ते दहा दिवस लागतात. स्ट्रॉन्जिलॉइडिस घाईतला आहे, त्याची अशी अळी दोन-तीन दिवसांतही तयार होते. नळीत तिसऱ्याच दिवशी मोठी अळी दिसली तर आधी स्ट्रॉन्जिलॉइडिस आठवा.

अगार प्लेट: स्ट्रॉन्जिलॉइडिससाठी पहिली पसंती

मायक्रोबायोलॉजीचा विभाग असेल आणि शोध स्ट्रॉन्जिलॉइडिसचा असेल, तर मी हाराडा-मोरी बाजूला ठेवून अगार प्लेट, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमाची प्लेट, लावते. १९९० च्या आसपास जपानमध्येच ती रुळली, आणि नळीपेक्षा जास्त रुग्ण पकडते. कारणही उघड आहे. इथे शौच जास्त घेता येतं आणि एकच अळी असली तरी ती चालताना मागे पायवाट सोडून जाते.

माध्यम घरचंच: १०० मिलिलिटरला अगार १.५ ग्रॅम, मीट एक्स्ट्रॅक्ट ०.५, पेप्टोन १ आणि मीठ ०.५ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह करून प्लेट ओता. आता जी गोष्ट घाईत सुटते ती: ओतल्यावर प्लेट चार-पाच दिवस बाकावर सुकू द्या. ओल्या अगारवर अळी पोहते, तिची वाट उमटत नाही, आणि पाण्याच्या थेंबांतून बॅक्टेरिया वाटेल तिथे पसरतात.

प्लेटच्या मध्यभागी २ ग्रॅम, म्हणजे छोट्या बोराएवढं शौच ठेवा. पसरू नका. झाकण लावून कडेने चिकटपट्टी पूर्ण गोल फिरवा. ही पट्टी ओल टिकवते आणि तुम्हाला वाचवते, कारण स्ट्रॉन्जिलॉइडिसची अळी झाकणाच्या फटीतून बाहेर पडायला लाजत नाही. प्लेट सरळ ठेवा, नेहमीसारखी उलटी नको. २६ ते ३३ अंशांत किमान दोन दिवस, आणि काही दिसलं नाही तर सहा दिवसांपर्यंत रोज बघा.

बघायचं झाकणातूनच, मायक्रोस्कोपच्या कमी पॉवरखाली. शौचापासून बाहेर निघालेल्या नागमोडी रेषा आणि त्या रेषांवर ठिपक्यांसारख्या ओळीने उगवलेल्या वसाहती दिसतात. ओल्या वाळूवरून गोगलगाय गेल्यासारखं चित्र असतं. अळीच्या अंगाला चिकटून बॅक्टेरिया वाटेवर सांडत जातात, म्हणून ती वाट वाढते. पण वाट दिसली म्हणून रिपोर्ट लिहायचा नाही. अंकुशकृमीची अळीही वाट काढते, मातीतला कृमीही काढतो.

म्हणून खात्री करायची. तापवलेल्या चिमट्याने झाकणाला भोक पाडा, त्यातून १० मिलिलिटर १० टक्के फॉर्मलिन सोडा आणि अर्धा तास थांबा. मेलेल्या अळ्यांसकट द्रव नळीत घ्या, ५०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोराला) पाच मिनिटं फिरवा आणि गाळ पाहा. आपल्याकडच्या सेंट्रिफ्यूजवर बहुधा आरपीएमच (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं. रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर ५०० जी म्हणजे साधारण १,७०० आरपीएम. मशीनमध्ये पट्टी घालून त्रिज्या एकदा मोजून ठेवा.

कोळसा आणि नरसाळं

इन्क्युबेटर नाही, अगार नाही, पण अळ्या भरपूर हव्यात, शिकवण्यासाठी किंवा पाहणीसाठी, तर कोळशाची जुनी पद्धत उत्तम. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा कुटून बाजरीएवढे दाणे करा, बारीक पूड चाळून टाका आणि धुऊन घ्या. शौचात पाणी घालून सैल करा, त्यात कोळसा मिसळत जा, इतका की गोळा मुठीत धरला तर आकार धरेल पण पाणी गळणार नाही. पेट्री डिशमध्ये खाली ओला फिल्टर पेपर, वर हे मिश्रण, वर झाकण. कोळशामुळे हवा खेळते आणि वासही दबतो. सहकाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हा दुसरा गुण लहान समजू नका. पाच-सात दिवसांत अळ्या तयार होतात.

त्या बाहेर काढायला बेअरमनचं नरसाळं लागतं. जावा बेटावर काम करणाऱ्या बेअरमनने १९१७ साली ते मातीतल्या अळ्यांसाठी वापरलं. काचेच्या नरसाळ्याला खाली रबरी नळी आणि क्लिप, आत जाळी, जाळीवर गॉझच्या दोन-तीन घड्या, त्यावर मिश्रण. कोमट पाणी इतकं भरा की ते गॉझला खालून भिडेल. अळ्या ओल आणि उबेच्या ओढीने पाण्यात उतरतात, पण पोहून वर जायची ताकद त्यांच्यात नसते, म्हणून बुडाशी साचतात. दोन तासांनी क्लिप सैल करून पहिलं १० मिलिलिटर पाणी घ्या, फिरवा, गाळ पाहा. ताज्या शौचावरही हे थेट करता येतं, फक्त नमुना आठ-दहा ग्रॅम तरी हवा.

अळी कोणाची

इथे घाई करू नका. अळी जिवंत असताना तिच्या मागे धावण्यात वेळ जातो. कव्हर स्लिपच्या कडेला ल्युगॉल्स आयोडीनचा थेंब सोडा, ती थांबते आणि रंगतेही.

अळीच्या दोन अवस्था भेटतात. पहिली खाणारी, आखूड आणि जाडसर, अन्ननलिकेला मध्ये कंबर आणि शेवटी फुगा असतो. दुसरी संसर्गक्षम, लांब, सडपातळ, तोंड मिटलेली.

खाणाऱ्या अळीत तोंडाची पोकळी पाहायची. स्ट्रॉन्जिलॉइडिसमध्ये ती अगदी आखूड असते, अंकुशकृमीत लांब आणि अरुंद, तोंडाशी दोन समांतर रेघा ओढल्यासारखी. मग शरीराच्या मध्याशी जननग्रंथीचा अंकुर पाहा. स्ट्रॉन्जिलॉइडिसमध्ये तो ठळक, होडीच्या आकाराचा दिसतो. अंकुशकृमीत शोधूनही नीट सापडत नाही. यासाठी ४० चं ऑब्जेक्टिव्ह लागतं.

संसर्गक्षम अळी ओळखायला सोपी, म्हणून कल्चर करायचं. शेपूट पाहा: स्ट्रॉन्जिलॉइडिसचं टोक खाच पडल्यासारखं, अंकुशकृमीचं टोकदार. अन्ननलिका पाहा: स्ट्रॉन्जिलॉइडिसमध्ये ती जवळपास अर्ध्या शरीरापर्यंत जाते, अंकुशकृमीत अन्ननलिका आणि आतडं यांचं प्रमाण एकास चार. अंगावरची खोळ पाहा: अंकुशकृमीच्या अळीला मागच्या कातेची सैल खोळ असते, स्ट्रॉन्जिलॉइडिसला नसते. लांबीवर विसंबू नका, दोन्ही ५०० ते ६०० मायक्रॉनच्या आसपास भेटतात. माझा क्रम शेपूट, अन्ननलिका, मग खोळ. खोळ कधीकधी गळून पडलेली असते, शेपूट गळत नाही.

नेकॅटर आणि अँकायलोस्टोमा वेगळे करायचे तर नेकॅटरच्या अळीच्या तोंडातले दोन भाले गडद आणि स्पष्ट दिसतात आणि खोळीवर आडव्या रेघा ठळक असतात. अँकायलोस्टोमात दोन्ही फिके. दहा-वीस अळ्या पाहूनच मत द्या, एकीवर नको.

शेळ्या-मेंढ्यांच्या सहवासात राहणाऱ्यांमध्ये ट्रायकोस्ट्रॉन्जिलस भेटू शकतो. त्याच्या अळीला खोळ असते, पण खोळीच्या आतल्या शेपटीच्या टोकाला बारीक गाठ असते. अंडंही मोठं, एका बाजूला निमुळतं. स्ट्रॉन्जिलॉइडिसच्या प्लेटवर चार-पाच दिवसांनी मिलिमीटरभर लांबीची, पोटात अंड्यांची ओळ असलेली मादी फिरताना दिसली तर दचकू नका. तो या जंताच्या शरीराबाहेरच्या संसाराचा भाग आहे, आणि निदान पक्कं करणारा पुरावा.

मातीतल्या कृमीची शंका असेल तर अळ्यांच्या पाण्यात थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. स्वतंत्र राहणारे कृमी लवकर मरतात, परजीवी अळ्या तग धरतात.

स्वतःची कातडी

जर्मन संशोधक आर्थर लूस कैरोमध्ये अंकुशकृमीवर काम करत होता. गिनीपिगला अळ्या पाजताना कल्चरचा एक थेंब त्याच्या हातावर पडला, तिथे खाज सुटली, चामडी लाल झाली, आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या शौचात अंडी सापडली. १८९८ च्या सुमाराची ही गोष्ट. अळी कातडीतून शिरते, हे जगाला असं कळलं. तुमच्या नळीच्या बुडाशी तीच अळी असते, आणि ग्लोव्हजशिवाय तिला हात लावायला तुम्ही लूस नाही.

दुसऱ्या दिवसापासूनची प्रत्येक नळी आणि प्लेट संसर्गक्षम माना. पातळ ग्लोव्हज दोन जोड्या घाला, बाही मनगटापर्यंत असू द्या. पिपेट तोंडाने ओढायची नाही. थेंब बाकावर सांडला तर उकळतं पाणी किंवा ल्युगॉल्स आयोडीन ओता. साध्या सॅनिटायझरच्या एका फवाऱ्यावर भरवसा ठेवू नका. काम संपलं की सगळं ऑटोक्लेव्ह, मग जैववैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी. सिंकमध्ये नळी रिकामी करणाऱ्या मुलाला आमच्याकडे महिनाभर सिंक घासायला लावतात.

गोलकृमीचं अंडं जिवंत आहे का

निदानासाठी गोलकृमीचं कल्चर करत नाहीत, असं वर लिहिलं. पण सांडपाणी, मैला किंवा सोनखत तपासताना प्रश्न वेगळा असतो: अंडं आहे हे दिसतंय, ते जिवंत आहे का? तेव्हा ते उबवावंच लागतं. धुऊन, वेगळी केलेली अंडी ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात २८ अंशांवर तीन ते चार आठवडे ठेवतात. हे आम्ल बुरशी आणि बॅक्टेरिया रोखतं, आणि त्या जाड कवचाच्या अंड्याला काही होत नाही. बाटलीचं तोंड सैल ठेवून रोज हलवा, हवा लागते. मुदत संपली की शंभर अंडी मोजा आणि किती अंड्यांत वळलेली अळी दिसते ते पाहा. अळी बाहेर येत नाही, कवचातच हलताना दिसते. पिकाला सांडपाणी द्यायचं तर लिटरमागे एकाहून जास्त अंडं नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली म्हटलं, त्या तपासणीच्या वेळी हे काम पडतं.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

‘स्ट्रॉन्जिलॉइडिस स्टर्कोरॅलिसच्या अळ्या आढळल्या’ एवढंच न लिहिता पद्धत, कितव्या दिवशी दिसल्या आणि कोणती अवस्था, हे लिहा. ताज्या नमुन्यातच संसर्गक्षम अळी दिसली असेल तर रिपोर्ट छापायची वाट पाहू नका, फोन उचला आणि वॉर्डातल्या रेसिडेंटला विचारा, रुग्णाला स्टेरॉइड चालू आहे का. अंकुशकृमीची अंडी असतील तर संख्या काटो-कात्झ पद्धतीने द्या. ४१.७ मिलिग्रॅमच्या साच्यात मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणलं की ग्रॅममागची संख्या मिळते, पण स्लाइड बनवल्यापासून अर्ध्या ते एका तासात वाचा, नाहीतर स्लाइड पारदर्शक करायला वापरलेलं ग्लिसरीन त्या पातळ कवचाची अंडी पुसून टाकतं.

आणि काही सापडलं नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहू नका. ‘एका नमुन्यात, दहा दिवसांच्या कल्चरमध्ये अळ्या आढळल्या नाहीत, आणखी दोन नमुने पाठवावेत’ असं लिहा. वॉर्डातून कुरकुर येते. येऊ द्या. पुढची डबी मात्र बाहेर ठेवलेली, ताजी आणि शौचाची वेळ लिहिलेली येते का, तेवढं बघा.